अण्णा मुलासमोर वाकले तेव्हा

मंडळी, आज सकाळी भांडुपच्या विहारात भोजनदान होतं. भन्ते बारानंतर जेवत नाहीत, म्हणून वाढायची घाई चाललेली. आई भात वाढताना बोलून गेली, "बाळू, अजून थोडा घे ना रे."

सगळे हसले. भन्तेही हसले आणि पात्रावर हात धरला. भन्ते म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ.

ऐंशीच्या दशकात तो श्रामणेर शिबिराला गेला, थोडे दिवस भिक्खू म्हणून राहायला. परत आलाच नाही. अण्णा, म्हणजे आमचे वडील, विक्रोळीच्या ज्या कारखान्यात कामाला होते, तिथेच त्यांनी त्याच्या नोकरीचं बोलून ठेवलं होतं. घरात सुतकच पडलं.

मग एका सकाळी तो भिक्षापात्र घेऊन आमच्याच चाळीत आला. दारात उभा, नजर खाली. वाटलं, अण्णा आता त्याला आत ओढणार. अण्णांनी चपला काढल्या, गुडघे टेकले आणि डोकं जमिनीला लावलं. सगळी चाळ बघत होती. उठले तेव्हा त्यांची मान ताठ होती.

तुमच्या घरात कुणी असं आपल्या लेकरासमोर वाकलंय का?

येताना रिक्षात मी म्हटलं, "आई, एवढ्या लोकांत भन्तेंना बाळू म्हणालीस."

"मग? कळू दे की, कुणाचा आहे ते."