बंद खोलीतलं सोल्यूशन

दर महिन्याला मी एका कागदावर सही करते. त्यात लिहिलेलं असतं की आमच्या कारखान्यात बुटांचे तळ चिकटवायला पेट्रोलसारखं उडून जाणारं सोल्यूशन वापरलं जात नाही, कुणाला वासाचा त्रास होत नाही, आणि हे मी स्वतः डोळ्यांनी पाहिलेलं आहे. खाली माझं नाव आणि नावापुढे बी.एस्सी. ते मी मुद्दाम लिहिते. फॉर्मवर तशी जागा नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे सांगायला मी लाजत नाही.

कारखाना मानपाड्याच्या पुढे, एमआयडीसीत. पस्तीसेक माणसं, निम्म्याहून जास्त बायका. आम्ही पळायचे बूट बनवतो. माल परदेशात जातो आणि घेणारी कंपनी फार कडक आहे. वरचं जाळीचं कापड जुन्या बाटल्यांपासून काढलेल्या धाग्याचं हवं, तळाच्या रबरात जुन्या रबराचा चुरा हवा, आणि गोंद पाण्यावरचा हवा. माझं काम हे सगळं तसंच होतंय की नाही ते बघायचं.

गोंदाचं कलम वाचलं तेव्हा मला आई आठवली होती. आंबिवलीच्या चाळीत आईने मी शाळेत होते तेव्हापासून वर्षानुवर्षं घरी बसून चपलांचे पट्टे चिकटवले. सोल्यूशनचा डबा मांडीजवळ, दार लोटलेलं, कारण धूळ बसली की माल परत यायचा. पुढे तिच्या पायांना मुंग्या यायला लागल्या, मग मुंग्याही थांबल्या. आता चालताना तिच्या पायातून चप्पल निसटते आणि तिला कळत नाही. डॉक्टर म्हणाले, वय झालं. तेव्हा ती बेचाळीसची होती. कॉलेजात एकदा सरांनी फळ्यावर हेक्झेनचं सूत्र लिहिलं. तो चिकटवायच्या सोल्यूशनमध्ये असतो आणि नसांचं काय करतो तेही सांगितलं. मी खाली मान घालून सगळं उतरवून घेतलं. घरी काही बोलले नाही.

कारखान्यात पाण्याचा गोंद आला तेव्हा बायकांना समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी पृथ्वीबद्दल बोलले, प्लास्टिकबद्दल बोलले, परदेशातल्या गिऱ्हाइकाबद्दल बोलले. त्यांच्या बोटांबद्दल आणि पायांबद्दल एक शब्द काढला नाही. तो काढला असता तर आईचं सांगावं लागलं असतं. सगळ्या मला मॅडम म्हणत होत्या आणि मला ते आवडत होतं. शेवटी एवढं मात्र ठासून सांगितलं, की लाइनवर सोल्यूशनचा वास आला तर ऑर्डर जाईल.

पाण्याचा गोंद लावताना दुधासारखा पांढरा असतो. वाळवणाऱ्या यंत्राच्या गरम बोगद्यातून फिरून तो काचेसारखा पारदर्शक झाला की मगच तळ दाबायचा. पावसाळ्यात हवा इतकी ओली, की तो पांढराच राहतो. बायका घाईने दाबतात आणि दुसऱ्या दिवशी मी ओढून बघितलं की तळ टोकाशी उघडतो. गेल्या पावसाळ्यात रोज पाच-सात जोड्या उघडायच्या. फक्त एका टेबलाची एकही नाही.

ते टेबल काकींचं. काकी म्हणजे आमच्यातल्या सगळ्यात जुन्या, वीस वर्षं चपलांच्या कारखान्यांत काढलेल्या. मी सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक केलं. म्हटलं, "बघा, काकींसारखा हात पाहिजे."

काकी म्हणाल्या, "हात माझा आहे मॅडम, गोंद तुमचा आहे. त्याला नका शाबासकी देऊ."

सगळ्या हसल्या. मीही हसले.

या वर्षी पाऊस पुन्हा लागला त्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत मी जिना उतरत होते. पुढे काकी होत्या, कठडा धरून, सावकाश. मधल्या पायरीवर त्यांची डावी चप्पल राहून गेली. त्या तशाच खाली उतरल्या, ओल्या फरशीवरून नळापर्यंत गेल्या, डबा धुतला, शेजारणीची थट्टा केली. एक पाय अनवाणी. त्यांना पत्ताच नव्हता.

मी ती चप्पल उचलली आणि पायरीवरच बसले. त्यांना काय झालंय ते कळायला मला डॉक्टर नको होता.

चप्पल घेऊन मी त्यांच्याजवळ गेले. "काकी, ही तुमची."

त्यांनी पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अगंबाई. मला वाटलं घातलीय."

"कधीपासून असं होतंय?"

"काय कधीपासून? थकवा आहे. तुमच्या वयात नाही कळायचं."

"सोल्यूशन कुठे लावता?"

डब्याचं झाकण लावत त्या म्हणाल्या, "कुणी चुगली केली?"

"कुणी नाही. माझी आई तशीच चालते."

हे वाक्य मी कारखान्यात पहिल्यांदाच बोलले. काकींनी मला वर, खोक्यांच्या खोलीत नेलं. खिडकी नसलेली, दार घट्ट बसणारी खोली. खोक्यांच्या मागून त्यांनी खोबरेल तेलाची बाटली काढली. आत पिवळसर सोल्यूशन. कल्याणच्या बाजारातून आणलेलं, स्वतःच्या पैशाने.

"टोकाला थोडंसंच लावते," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं तुमचं पाणीच असतं. शंभर जणांनी बघितलं तरी ओळखू नाही यायचं."

"पण का, काकी?"

"का म्हणजे? माझ्या टेबलाचा बूट उघडलेला नाही कधी. लोकं पळणार ते घालून. कुणाचा पळताना तळ सुटला आणि तोंडावर पडला तर?"

"आणि इथे, दार लावून?"

"तुम्हीच म्हणालात ना, लाइनवर वास आला नाही पाहिजे. नाही आला. गेल्या पावसाळ्यापासून एकदा तरी आला?"

उघड्या हॉलमध्ये, पंख्याखाली लावलं असतं तर निम्मं तरी हवेत गेलं असतं. माझ्या धाकानेच त्या दार लावून तेच श्वासात घेत बसल्या होत्या. आणि वर मी दर महिन्याला सही करत होते.

"नोकरी जाईल माझी," काकी म्हणाल्या. "तुम्ही बोललात तर."

"नाही बोलले तर पाय जातील."

"शेठला सांगू नका. आजपासून बंद करते. शपथ."

मी त्यांच्या शपथेवर विसंबले नाही आणि गप्प राहायचं वचनही दिलं नाही. दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. बोलले तर काकी घरी बसणार, कदाचित ऑर्डर जाणार, आणि पस्तीस जणांसोबत मीही. नाही बोलले तर उपचार कुठल्या तोंडाने करून घ्यायचे? डॉक्टर पहिलं विचारणार, काम काय करता.

तिसऱ्या दिवशी मी काकींना सांगून शेठच्या केबिनमध्ये गेले. त्यांना न सांगता जाणं मला जमलं नसतं. शेठने सगळं ऐकलं आणि विचारलं, "कंपनीला मेल केलात की करणार आहात?"

"करणार आहे. त्यांच्या टेबलाचा माल थांबवलाय. या महिन्याच्या कागदावर सही करणार नाही."

"तुम्ही शिकलेली माणसं फार त्रास देता," ते म्हणाले. मग पंख्याकडे बघत म्हणाले, "म्हातारीला काढू नका. लेस ओवायला बसवा. आणि आधी दवाखान्यात न्या."

डॉक्टरांनी काकींना डोळे मिटायला लावले. पायाचा अंगठा दोन बाजूंनी धरून हळूच हलवला. "वर की खाली?"

"वर."

खाली होता.

"आता?"

"खाली," काकी ठामपणे म्हणाल्या. डॉक्टरांनी हलवलाच नव्हता.

मला त्यांनी बाहेर बोलावून सांगितलं, की सोल्यूशन बंद केल्यावरही हे काही आठवडे वाढतच जातं. त्यानंतर थांबतं. कुणाचं मागे फिरतं, कुणाचं नाही. आताच सांगता येत नाही.

आता काकी माझ्या टेबलाच्या बाजूला बसून लेस ओवतात. सोल्यूशन कुठेच नाही, खोलीला मी स्वतः कुलूप लावलंय, परदेशातून उत्तर आलेलं नाही. आणि तरी रोज काहीतरी थोडं कमी होतंय. परवा लेस हातातून दोनदा पडली. काल चार वेळा. मी मोजते ते त्यांना माहीत आहे.

"मॅडम, तुमच्या आईचं किती वर्षांनी थांबलं?" आज सकाळी त्यांनी विचारलं.

"थांबलं नाही, काकी," मी म्हटलं. "पण तिला कुणी बंद करायला सांगितलंच नव्हतं."

त्या लेसचं टोक बोटांत धरून छिद्र शोधत राहिल्या. माझा हात पुढे गेला, तसा त्यांनी तो कोपराने बाजूला सारला.