मुडक्कत्तानचा वेल

चिकुनगुनियाचा ताप चार दिवसांत उतरला, पण बोटं आखडून राहिली. कुंभकोणमला मी घरीच ब्लाऊज शिवते. आता सुईत दोरा ओवता येईना, वेणीही घालता येईना. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, वेळ लागेल.

मग पट्टीश्वरमहून मोठ्या जाऊबाई आल्या. त्यांच्या मुलीच्या लग्नाचा ब्लाऊज मी शिवला होता. बाही घट्ट झाली म्हणून त्या सगळ्यांसमोर बोलल्या होत्या, तेव्हापासून मी त्यांचा उंबरा ओलांडला नव्हता.

त्यांनी पिशवी उपडी केली. शेताच्या कुंपणावरचा मुडक्कत्तान. तमिळमध्ये याचा अर्थच आखडलेपण घालवणारा. नाजूक वेल, कातरलेली पानं, तांदळाच्या कणीएवढी पांढरी फुलं, आणि कागदी कंदिलासारखी फुगलेली हिरवी फळं.

"गोळ्या सोडू नकोस," त्या म्हणाल्या. "पण हेही खा."

भिजवलेल्या तांदळात पानं वाटून त्या रोज हिरवे दोसे घालायच्या. किंचित कडू. दुपारी ओसरीवर बसून, पानं घालून कढवलेलं कोमट तेल माझ्या बोटांना चोळायच्या. ऊन जमिनीवरून हळूहळू सरकायचं, कुठूनतरी नादस्वराचा सराव ऐकू यायचा आणि माझे डोळे मिटायचे. त्या गुंगीत वाटायचं, बोटांना वेलासारखे तणावे फुटलेत आणि ते हवेत आधार शोधताहेत.

एकदा त्यांनी वाळलेलं फळ चिमटीत फोडलं. आत तीन कप्पे, प्रत्येकात एक काळी बी, आणि बीवर पांढरा बदाम, पत्त्यातल्यासारखा. तिन्ही बिया माझ्या तळव्यावर ठेवून त्या म्हणाल्या,

"बाही तेवढी घट्ट नव्हती गं. मुलगी जाणार म्हणून जीव थाऱ्यावर नव्हता. तुझ्यावर निघालं सगळं."

"तुम्ही तेव्हाच सांगायचं होतं," मी एवढंच म्हणाले.

"तू यायचीस कुठं?"

त्या तीन आठवडे राहिल्या. हळूहळू मूठ मिटू लागली. गोळ्यांनी की पाल्यानं, ते मला सांगता येणार नाही. त्या गेल्यावर घर सुनं सुनं झालं. पुढच्याच रविवारी मी पट्टीश्वरमची बस धरली. जाऊबाई दारातच उभ्या होत्या. जेवणं झाल्यावर आम्ही दोघी शेताकडे गेलो आणि ऊन कलेपर्यंत कुंपणाशी पाला खुडत राहिलो.