ऐतवारचा उपास

आमच्या घरात रविवार आधी वासाने यायचा. कपाटातल्या डांबरगोळ्या, आईची इस्त्रीची पांढरी साडी, केसांना चोपडलेलं खोबरेल तेल यांचा एक मिश्र, शुचिर्भूत गंध दौंडच्या त्या रेल्वे क्वार्टरमध्ये दरवळत राही, आणि मालगाडीच्या धडधडीने तावदानं थरथरत असताना आई गाडीच्याही वर आवाज चढवून गीत म्हणत अंबाडा घाली. तिने केडगावच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलं होतं, त्यामुळे चुकीचा शब्द तिला देवाच्या दारातही खपत नसे. उपदेश करताना पाळकसाहेबांची जीभ कुठे अडखळली की ते आधी देवाची नव्हे, आईची नजर चुकवत, असं मी तिला चिडवायची.

यंदाच्या थंडीत ती न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया नीट झाली. वॉकर धरून रोज थोडं चाला, नाहीतर पाय कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं. पण आई उठेचना. दुखण्यापेक्षा तिला चर्च सुटल्याचं लागलं होतं. दर रविवारी मी मोबाइलवर उपासना लावून द्यायची, पाळकसाहेब घरी येऊन प्रभुभोजन देऊन गेले, तरी ती भिंतीकडे तोंड करून पडून राही. "माझी उपासना संपली गं," एवढंच म्हणे. तिचं गाणं बंद झालं होतं, आणि ते मुकं घर मला खरोखर भिववू लागलं होतं.

शेजारी हौसाबाई राहतात. मूळच्या कवठे येमाईच्या, लेकाच्या नोकरीपायी इथे आलेल्या आणि अंगणात चार मेथीचे वाफे करून गावाची हौस भागवणाऱ्या. कपडे वाळत घालता घालता एकदा मी त्यांच्यापाशी मन मोकळं केलं. आईचं उपासनेवाचून अडलंय, तिला दुसरं काही सुचत नाही, असं काहीसं म्हणाले. त्यांनी गंभीरपणे मान हलवली.

त्यानंतर काही आठवड्यांनी, एका रविवारी, कोवळं ऊन आईच्या पांघरुणावर उतरलेलं असताना त्या झाकलेलं पातेलं घेऊन थेट आत आल्या. झाकण निघालं आणि वरीच्या भाताची वाफ, दाण्याच्या आमटीचा, तुपातल्या जिऱ्याचा खमंग वास औषधांच्या त्या खोलीत पसरला. मोबाइलवर पाळकसाहेब बोलतच होते.

"घ्या बाई, गरम हाय तवर," हौसाबाई म्हणाल्या. "तुमची लेक बोलली, उपासाबिगर तुमचा जीव ऱ्हात न्हाई. दुखण्यात एकटीनं कसा झेपायचा? म्हनून तवापासनं म्या बी ऐतवार धरलाय. तुमचा पाय चालता व्हईस्तोवर सोडायची न्हाई."

हौसाबाईंनी माझ्या 'उपासने'चा 'उपास' केला होता, आणि तोही चुकीचा शब्द न खपणाऱ्या माझ्या आईसमोर! मी खुलासा करायला तोंड उघडलं, तेवढ्यात आईने हाताने मला गप्प केलं. ती हौसाबाईंच्या ओढलेल्या, प्रसन्न चेहऱ्याकडे बघत होती. मग तिचे खांदे हलू लागले. रडते की काय म्हणून मी पुढे झाले, तर ती हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, पोट धरून हसत होती. हौसाबाईंना कारण कळलं नाही, पण त्याही मनापासून हसल्या.

"तीन ताटल्या आण," आई मला म्हणाली, "आणि तो मोबाइल जरा बंद कर."

तिने हात जोडले. हौसाबाईंनी पदर डोक्यावर घेतला. आईची प्रार्थना एरवी चांगली लांबलचक, अलंकारिक. त्या दिवशी मात्र ती अगदी साधं बोलली. बापा, या बाईने माझ्यासाठी पोट उपाशी ठेवलं आणि मी तुला भिंतीत शोधत बसले, एवढंच ती म्हणाली. आमेन म्हणायचं हौसाबाईंना ठाऊक नव्हतं. "व्हय, व्हय," त्या म्हणाल्या, आणि ते तितकंच शोभलं.

पुढच्या रविवारी चर्चला जायला मी पांढरी साडी नेसून बाहेर आले, तर पलंग रिकामा. स्वयंपाकघरात आई एका हाताने वॉकर आणि दुसऱ्या हाताने ओटा धरून उभी होती, घामाने डवरलेली, आणि शेगडीवर साबुदाण्याची खिचडी परतत होती. हौसाबाई उपाशीपोटी येतील, म्हणाली, त्यांच्या आधी झालं पाहिजे. तिचा पाय थरथरत होता आणि त्या थरथरीसकट ती गात होती.

"तू निघ," मान न वळवता ती म्हणाली. "उपासना सुरू होईल."

मी चपला घातल्या, आणि आतलं तिचं गीत ऐकत किती तरी वेळ उंबऱ्यातच उभी राहिले.