थर्मासमधलं खडेमीठ

चिखलीच्या स्टँडवर थर्मासचं झाकण उघडलं. बर्फाचं पाणी होत आलेलं. डोक्यावर मे महिन्याचं ऊन, मेहकरच्या गाडीचा पत्ता नाही, आणि आत इन्सुलिनच्या चार बाटल्या.

महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि मीही नवाच. खामगावच्या एका औषधांच्या स्टॉकिस्टकडे सेल्समन लागलो होतो. स्टॉकिस्ट म्हणजे कंपनीचा माल घेऊन गावोगावच्या डॉक्टरांना पुरवणारा. फ्रिज फक्त दुकानात. तिथून पुढे सगळी भिस्त थर्मासवर. इन्सुलिन हे साखरेच्या आजाराचं इंजेक्शन, उन्हानं बिघडतं, एवढं शेठजींनी माझ्याकडून घोकून घेतलं होतं.

एक कुल्फीवाला माझी तगमग बघत होता.

"काऊन घाबरून राह्यले, साहेब?"

सांगितलं. त्यानं ताजा बर्फ फोडून भरला आणि वर मूठभर खडेमीठ टाकलं. "आता पाहा गारठा! आमची कुल्फी यानंच दगड होते."

वा रे पठ्ठ्या, म्हटलं. आणि मी शहाण्यानं आणखी एक मूठ घातली!

मेहकरला दवाखान्यात जानेफळचे गवई गुरुजी माझीच वाट पाहत होते. त्यांच्या अकरा वर्षांच्या सुमनला रोज सकाळी इन्सुलिन लागे. घरच्या बाटलीत उद्यापुरतंच उरलं होतं.

डॉक्टरांनी बाटली हलवली. औषध हललंच नाही. पार गोठलं होतं. एक बाटली तर तडकलेली.

"मीठ घातलंस?"

"हो. गार राहावं म्हणून."

"गाढवा, लेबल वाच."

थंड जागी ठेवा, या ओळीच्या खालीच छापलं होतं : डू नॉट फ्रीज, गोठवू नका. मी पहिल्या ओळीवरच थांबलो होतो.

"वितळून जाईन ना थे, डॉक्टरसाहेब?" गुरुजींनी विचारलं.

डॉक्टरांनी एक बाटली वितळू दिली. काचेला आतून कण चिकटले होते. "एका सुईत जास्त औषध जाईल, दुसरीत नुसतं पाणी. पोरीवर असा जुगार खेळायचा का?"

शेठजींना ट्रंक कॉल लावला. ते म्हणाले, "वितळल्या का देऊन टाक. कोणाले समजते?"

"मले समजते ना! फ्रिजमधल्या दोन आहेत, त्यातली एक द्या."

"त्या वकीलसाहेबाच्या हायेत. हात लावशीन तर याद राख."

फोन आदळला. राग शेठजींचा कमी, स्वतःचाच जास्त. चारही बाटल्या मोरीत फोडल्या, न जाणो कुणाला मोह व्हायचा. गुरुजी नुसते बघत राहिले.

"उद्या दहाच्या आत आणतो," मी म्हणालो.

संध्याकाळी खामगावला उतरलो तो सरळ वकीलसाहेबांकडे. ते स्वतः रोज सुई टोचून घेणारे. घडलं ते सगळं सांगितलं, मिठासकट.

"मले काऊन विचारून राह्यला बे? घेऊन जा ना एक. शेठले मी पाहतो."

दुकानाच्या फ्रिजमधून एक बाटली काढून सकाळची पहिली गाडी धरली. बाटली कापडात, कापड डबीत, बर्फ डबीच्या बाहेर. काल गरम होईल म्हणून जीव खालीवर, आज गोठेल म्हणून! दर थांब्याला झाकण उघडून बघत होतो.

"इच्चू हाय का त्याच्यात, भाऊ?" शेजारच्यानं विचारलं.

दहाला दहा कमी असताना पोचलो. सुमन बाकावर भिंतीला टेकून बसली होती. पेल्यामागून पेला पाणी पीत होती, तरी ओठ कोरडे.

डॉक्टर गुरुजींवर चिडले. "सकाळचं दिलं होतं ना?"

गुरुजींनी मान खाली घातली. "अर्धंच देल्लं. अर्धं उद्यासाठी ठेवलं." मग माझ्याकडे वळून, जराही न रागावता म्हणाले, "तुम्ही याल असं वाटलंच नाही, साहेब."

त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. मी तिथून हललो नाही. दुपार कलताना सुमन सावरून बसली आणि भाकर मागितली. तेव्हा कुठे माझ्या घशाखाली चहा उतरला.

पुढे कित्येक वर्षं गुरुजी माझ्याकडून बाटली घेत. दर वेळी उजेडात धरत, हलवत, निरखून बघत आणि मगच पिशवीत टाकत. मी मुकाट्यानं उभा राही. औषध दुसऱ्या दिवशी बदलून देता आलं. भरवसा काही बदलून देता येत नाही.