कंदीलपुष्पाचा वाफा

कोपरगावच्या बाजूला एका कॉलेजच्या मागे चोपण, पाणी न मुरणाऱ्या जमिनीचा तुकडा पडून होता. तिथे वनस्पती उद्यान करायचं ठरलं तेव्हा माळी म्हणून नबीलाल शेख लागला. कॉलेजच्या मुलांबरोबर त्याने नदीकाठची माती वाहिली, भंडारदऱ्याकडून आणलेली हिरड्या-बेहड्याची रोपं जगवली. पुढे पाणी घालायला कंत्राटावर रंगुबाई आली. बोअर आटली त्या उन्हाळ्यात तिने वस्तीवरच्या विहिरीवरून हंडे वाहून बाग राखली.

बागेची शान म्हणजे कंदीलपुष्पाचा वाफा. दुर्मिळ वेल, फुलं कंदिलासारखी. वनस्पतीशास्त्राच्या सृष्टी मॅडमनी ती बियांपासून वाढवली होती. गेल्या पावसाळ्यात पावसाने ओढ दिली होती तेव्हा नबीलालने गाजरगवतावर तणनाशक मारलं आणि घाईत पंप न धुता त्यातच निंबोळी अर्क भरून वेलींवर फवारला. थोड्याच दिवसांत पानं पिळवटली, वेलींनी माना टाकल्या.

"मुळं कुजली वाटतं. पाणी जास्त झालं का?" मॅडमनी विचारलं.

सगळ्यांनी रंगुबाईकडे पाहिलं. ती गोंधळली. "रोजच्यावानीच घातलं, मॅडम."

नबीलाल शेजारीच उभा होता. पानं बघताच त्याला सगळं कळलं होतं. तो गप्प राहिला. कंत्राटदाराने रंगुबाईला काढून टाकलं.

त्यानंतर त्याला अन्न गोड लागेना. बायको हमिदा विचारायची, तेव्हा तो तब्येतीचं निमित्त सांगायचा. रंगुबाई दिसेल म्हणून त्याने बाजाराचा रस्ताही बदलला.

यंदा बागेचा रौप्यमहोत्सव. मॅडम बागेचा इतिहास लिहायला बसल्या.

"सुरुवातीपासूनचे तुम्हीच उरलात, मामा. बोअर आटली तेव्हा बाग कुणी जगवली?"

"रंगुबाईनं." नबीलाल म्हणाला. "मॅडम, ती वेल तिनं न्हाई मारली. पंप माझ्या हातात हुता."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"नोकरीला भ्यालो. मंग रोज वाटायचं, आता लई उशीर झाला."

मॅडमनी वही मिटली. मुळं उकरून बघायचं त्यांनाही सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नबीलाल रंगुबाईच्या दारात गेला. ती कांदे निवडत होती. त्याने सगळं सांगितलं.

"मला वाटलं, माझ्याच हातनं मेली झाडं," ती म्हणाली. "दारातल्या तुळशीला पानी घालाया बी हात धजंना माझा. अन् तुमाला ठावं हुतं, नबीभाऊ?"

"व्हय."

"मंग हितं सांगून काय उपेग? सगळ्यांम्होरं माझं नाव घेतलं, तसंच सगळ्यांम्होरं सांगा."

समारंभात नबीलालला शाल द्यायला पुकारलं. त्याने ती घेतली नाही. माईकसमोर उभं राहून अडखळत सगळं सांगितलं. मागच्या रांगेत बसलेली रंगुबाई ऐकून उठली आणि कुणाकडेही न बघता निघून गेली.

कॉलेजने नबीलालला लेखी समज दिली. मॅडमनी पाठपुरावा करून रंगुबाईला परत कामावर घेतलं. आता दोघं एकाच बागेत राबतात, कामापुरतं बोलतात. कधी डबा खाताना नबीलालला वाटतं, हाक मारावी. पण ती पाठमोरी बसलेली असते, आणि तो डबा झाकून उठतो.