दाबून ठेवलेली तार

नातवाने नव्या टेनिस चेंडूंचा डबा उघडला, रबराचा वास आला आणि निजामाच्या अमलातलं पूर्णा स्टेशन आठवलं. मी तिथे तारबाबू होतो. रेल्वेच्या क्लबात साहेबलोकांना आणि आम्हा बाबूंना पगारावर टेनिस खेळवणारा एक मार्कर होता, चुडाव्याच्या शेतकऱ्याचा मुलगा. हैदराबादेत अशा पगारी खेळाडूंची एकेरी स्पर्धा होणार होती. तिथे चमकला तर मोठ्या क्लबात त्याची नेमणूक नक्की होती. बोलावण्याची तार आली का, हे विचारायला तो रोज मैदानातून तसाच, तांबड्या मुरमाने माखलेल्या पायांनी माझ्या खिडकीशी यायचा. तार आली, पण त्याच आठवड्यात परभणीच्या क्लबाशी माझा सामना होता आणि सराव द्यायला त्याच्याशिवाय कुणी नव्हतं. "आली का, बाबूजी?" त्याने विचारलं. "अजून नाही," मी म्हणालो. सामना मी जिंकलो. दुसऱ्या दिवशी तार त्याच्या हातात ठेवली, तर इंग्रजी येत नसल्याने त्याने ती मलाच वाचायला लावली. स्पर्धा उलटून गेल्याचं ऐकून त्याने तार माझ्या हातून घेऊन तिची घडी घातली. मग म्हणाला, "लाइनच खराब असंल. तुमचा काय कसूर हाय, बाबूजी?" मी मान डोलावली. माझी बदली होईपर्यंत तो मला तितक्याच मनापासून खेळवत राहिला. तार दाबली त्याचं वाईट वाटतंच, पण त्या मान डोलावण्याची लाज या वयातही जात नाही.