काळ्या दगडाचा प्रश्न

निहार, ईरा — हे मी तुमच्या आजोबांनाही कधी सांगितलं नाही. नौपाड्यातल्या या घरात आम्ही दोघं इतकी वर्षं समोरासमोर बसलो, तरी नाही.

रविवारी फोनवर ईराने शाळेचा प्रकल्प दाखवला. "आजी, सगळे ज्वालामुखी प्लेट्सच्या कडेलाच असतात ना?" मी म्हणाले, बहुतेक, सगळे नाहीत. दोन प्लेट्स, म्हणजे भूपट्ट, दूर सरकतात किंवा एक दुसरीखाली जाते, तिथे खडक वितळून वर येतो. पण कधी कधी प्लेटच्या मधोमधही खालून उष्ण खडक वर चढतो. ईरा म्हणाली, "आजी, तुला कसं गं सगळं माहीत?"

तेव्हापासून मला चैन नाही. कारण ते 'बहुतेक' माझं नव्हे.

मी डोंबिवलीच्या एका मराठी शाळेत भूगोल शिकवायचे. इंग्रजीतून शिकलेली तिथे मी एकटीच — आणि हे मी कुणाला विसरू देत नसे. माझ्या टिपणांत एक वाक्य होतं, दरवर्षी तेच उतरवून द्यायचे: ज्वालामुखी फक्त भूपट्टांच्या सीमेवरच असतात. 'फक्त' मी घातलेलं. अपवाद लिहिले की फळा मला अस्ताव्यस्त वाटायचा. हे कारण पुरेसं आहे का? नाहीच.

नववीत सुनंदा नावाची मुलगी होती. वडील मानपाड्याच्या पुढे दगडखाणीवर कामाला. एकदा तिने हात वर केला. "बाई, आमच्या खाणीतला काळा दगड लाव्ह्याचा, असं तुम्हीच सांगितलेलं. मग इथे सीमा कुठाय?"

मला उत्तर येत नव्हतं. 'बघून सांगते' — एवढंच म्हणायचं होतं ना? मी म्हणाले, "खाणीतली धूळ डोक्यात गेली वाटतं तुझ्या!" वर्ग हसला. मागून कुणीतरी ओरडलं, "ए ज्वालामुखी, बस खाली!" आणि — खोटं कशाला सांगू — मीही हसले.

त्याच संध्याकाळी माझ्या कॉलेजच्या पुस्तकात उत्तर सापडलं. आपली भूमी सरकत सरकत अशाच एका उष्ण जागेवरून गेली, तेव्हा भेगांतून लाव्हा पसरला, असं बरेच अभ्यासक मानतात. सीमेपासून लांब. पोरगी बरोबर होती. दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले — आणि पुढचा धडा काढला.

सहामाहीत तिने लिहिलं, बहुतेक ज्वालामुखी सीमेवर, पण आपल्याकडचे तसे नव्हते. मी लाल पेनाने ते खोडलं. पेपर घेऊन ती माझ्या टेबलाशी आली. अगदी हळू विचारलं, "बाई, हे खरंच चूक आहे?" इतकं हळू का? मुलांसमोर माझी पंचाईत होऊ नये म्हणून? हे मला आज, लिहिताना सुचतंय.

मी म्हणाले, "हो. चूक आहे."

तिला ठाऊक नव्हतं असं नाही. ती बरोबर आहे हे मलाही ठाऊक होतं. तिने मान हलवली आणि जागेवर जाऊन बसली. त्यानंतर माझ्या तासाला तिचा हात कधी वर आला नाही.

वार्षिक परीक्षेत मी तोच प्रश्न पुन्हा घातला. का — ते मला अजून नीट सांगता येत नाही. ती काय लिहिते ते पाहायचं होतं, बहुधा. तिने माझं वाक्य लिहिलं. शब्दन् शब्द, सुरेख अक्षरात.

मी पैकीच्या पैकी गुण दिले.